पेंग्विन मोजून पोट भरते का?

पत्र, थोडक्यात: "मी गुहागर तालुक्यात राहते आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षे कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर अंडी सुरक्षित जागी हलवण्याच्या कामात मदत करते. मला ध्रुवीय प्रदेशात जाऊन पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वले यांच्यावर संशोधन करायचे आहे. बाबा विचारतात, पेंग्विन मोजून पोट भरते का? आई म्हणते, मुलींना तिथे कोण नेणार? एम.एस्सी. इथेच करावी की कर्ज काढून परदेशी जावे? आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धड उपकरणेही नाहीत. आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण मला दाभोळच्या फेरीबोटीतही मळमळते. अशा माणसाने हा नाद सोडून द्यावा का?"

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा त्यातला उत्साह दिसला आणि दुसऱ्यांदा एक वाक्य खटकले, तेव्हा त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वले ही दोन नावे तू एका दमात लिहिली आहेस, परंतु या दोन प्राण्यांची निसर्गात कधीही गाठ पडत नाही. अस्वले उत्तर टोकाला आहेत आणि अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिण टोकाला. हे तुला ठाऊक नाही असे मी मुळीच समजत नाही. मुद्दा असा की, ज्याला दोन्ही हवेत त्याला बहुधा प्राणी नको असतो, बर्फ हवा असतो. त्यात गैर काही नाही, पण बर्फाची ओढ एका हंगामात भागते आणि संशोधकाला तर तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. म्हणून, ध्रुवावर कसे जायचे हे विचारण्याआधी, कोणत्या प्राण्याविषयी कोणती गोष्ट समजून घ्यायची आहे, हे स्वतःला विचार.

प्राणी ठरला की कामाची सगळी रीतच ठरते. दक्षिणेला एक निर्मनुष्य खंड आहे, त्यावर १९५९चा अंटार्क्टिक करार लागू आहे, तिथे मूळचे रहिवासी नाहीत, जमिनीवर शिकार करणारे मोठे श्वापद नाही, आणि त्यामुळे पेंग्विन माणसाला पाहून पळत नाही. उत्तरेला मात्र देशांनी वेढलेला समुद्र आहे, पिढ्यानपिढ्या तिथे राहणारे इनुइट आणि इतर लोक आहेत, आणि अस्वलाबद्दल त्यांच्या वयस्क शिकाऱ्याला जे कळते ते नव्याने आलेल्या डॉक्टरेटवाल्याला कळायला वेळ लागतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंद येथे, ७९ अंश उत्तरेला, भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून आहे. तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर अस्वलापासून बचावाचे साधन जवळ बाळगावे लागते, म्हणून प्राणिशास्त्राच्या जोडीला बंदूक चालवणेही शिकावे लागते. अस्वलांच्या अभ्यासातली एक गंमत सांगतो. उपग्रहाशी जोडलेला गळपट्टा केवळ माद्यांनाच घालता येतो, कारण नराची मान त्याच्या डोक्यापेक्षा जाड असते आणि पट्टा सरळ निसटून पडतो. म्हणजे त्या पट्ट्यांमधून अस्वलांच्या भटकंतीविषयी आपल्याला जे कळले, ते मुख्यतः माद्यांविषयी कळले. कोणत्याही माहितीकडे पाहताना ती कशी मिळाली हे आधी विचारायचे असते, आणि ही सवय लागायला ध्रुवावर जावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. चित्रफितींत निळा बर्फ दिसतो, पण वास येत नाही. पेंग्विनांची वसाहत डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते, कारण हजारो पक्ष्यांची, क्रिल हे कोळंबीसारखे जीव खाऊन गुलाबी झालेली विष्ठा तिथे साचलेली असते. अ‍ॅडेली पेंग्विनांची घरटी मोजायची म्हणजे हातात टकटक दाबायचे मोजणीयंत्र घेऊन त्या चिखलाच्या कडेला उभे राहायचे, एक गट मोजायचा, पुन्हा मोजायचा, तिसऱ्यांदा मोजायचा आणि तिन्ही आकडे पुरेसे जुळले नाहीत तर परत पहिल्यापासून सुरू करायचे. शेजारच्या घरट्यातला खडा पळवणारा पेंग्विन मध्येच दिसतो, नजर तिकडे जाते आणि मोजणी चुकते. स्नो पेट्रेल हा पांढराशुभ्र, दिसायला अतिशय सात्त्विक पक्षी खडकाच्या कपारीत घरटे करतो. त्याला मोजण्यासाठी पोटावर पडून कपारीत डोकावावे लागते आणि जवळ गेलेल्या माणसावर तो पोटातले तेल नेम धरून थुंकतो. त्या तेलाचा वास जाकिटातून सहजी जात नाही. स्कुआ पक्ष्याच्या घरट्याजवळून जाताना काठी डोक्यावर उभी धरावी लागते, म्हणजे त्याची झडप काठीच्या टोकावर बसते, टाळूवर नाही. हे वाचून तुला हसू आले असेल तर चांगले लक्षण आहे. किळस आली असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेव.

या क्षेत्रात खरा मान हुशारीने प्रश्न विचारणाऱ्याला मिळतो, आणि त्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण जेराल्ड कुयमन यांचे आहे. १९६०च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडच्या गोठलेल्या समुद्रावर त्यांना एवढेच जाणून घ्यायचे होते की वेडेल सील बर्फाखाली किती खोल जातो आणि किती वेळ श्वास रोखतो. त्यासाठी बाजारात कोणतेही उपकरण नव्हते. त्यांनी स्वयंपाकघरात वापरतात ते एक तासाचे गजराचे घड्याळ घेतले, त्याला काजळी धरलेली काचेची चकती बसवली, आणि पाण्याच्या दाबाने हलणारी सुई त्या काजळीवर रेघ ओढील अशी व्यवस्था केली. पण यंत्र सीलच्या पाठीवर बांधले तरी सील परत कुठे येणार? त्यांनी इतर सर्व भोकांपासून दूर, बर्फात एकच भोक पाडले आणि सीलला तिथे नेऊन सोडले. श्वास घ्यायला दुसरी जागाच नसल्याने तो मुकाट्याने त्याच भोकात परत यायचा. जवळजवळ ६०० मीटर खोलीच्या बुड्या अशा रीतीने नोंदल्या गेल्या. आज सीलच्या केसांवर चिकटवलेली यंत्रे उपग्रहाला माहिती पाठवतात, समुद्राचे तापमान आणि खारटपणाही मोजतात, आणि सीलने केस टाकले की आपोआप गळून पडतात. पण त्या सगळ्यांची आजी म्हणजे ते स्वयंपाकघरातले घड्याळ. तुझ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उपकरणे नाहीत अशी तक्रार तू पत्रात एका ओळीत केली आहेस, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

दुसरे उदाहरण तुझ्या बाबांना वाचून दाखवण्याआधी तू एकटीने वाच. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ कूपर नावाचे एक लहान, सपाट, रेताड बेट आहे. जॉर्ज डिव्होकी यांना १९७२ मध्ये तिथे नौदलाने टाकून दिलेल्या लाकडी पेट्यांखाली ब्लॅक गिलेमॉट या समुद्रपक्ष्याची काही घरटी सापडली. १९७५ पासून ते दर उन्हाळ्यात त्या बेटावर जाऊ लागले. सुरुवातीचे काम तेल उत्खननाच्या तयारीसाठीच्या पाहणीचे होते. ते संपले, पैसे आटले, तरी हे जात राहिले. कोणत्या पेटीत कोणती जोडी, पहिले अंडे कोणत्या तारखेला, पिल्लू किती वजनाचे, एवढेच वर्षानुवर्षे लिहीत राहिले. अनेक वर्षांच्या त्या वह्यांमधून जे दिसले ते कोणी शोधायला गेले नव्हते: बर्फ लवकर वितळत होता, त्याबरोबर अंड्यांची तारीख अलीकडे सरकत होती, पुढे समुद्रावरचा बर्फ किनाऱ्यापासून इतका दूर गेला की पिल्लांना भरवायचे मासे मिळेनासे झाले, आणि भुकेली अस्वले बेटावर येऊन घरटी फस्त करू लागली. २०११ मध्ये त्यांनी लाकडी पेट्या काढून अस्वलाला न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या ठेवल्या. हवामानबदलाचा पुरावा म्हणून आज जगभर सांगितली जाणारी ही नोंद एका माणसाच्या चिकाटीतून आली, हे खरे आहे. तो माणूस बराच काळ भरवशाच्या अनुदानाविना काम करत होता, हेही तितकेच खरे आहे, आणि फक्त पहिली गोष्ट सांगून तुला या वाटेला लावणे मला प्रशस्त वाटत नाही.

सुदैवाने या विषयातले बरेच काम आता टेबलावर बसून होते. बर्फावरचे तपकिरी डाग उपग्रहाच्या चित्रांत दिसतात आणि तो डाग म्हणजे सम्राट पेंग्विनांची वसाहत असते. किती तरी वसाहती माणसाचे पाऊल पडण्याआधी अशाच सापडल्या. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्राच्या भागातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्लांना पोहण्याजोगी पिसे फुटण्याआधीच तुटला आणि त्या वसाहतींमधले त्या वर्षीचे एकही पिल्लू जगले नसावे, हेही या चित्रांवरूनच कळले. 'पेंग्विन वॉच' या प्रकल्पात अंटार्क्टिकातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची छायाचित्रे कोणालाही घरबसल्या मोजता येतात. तू आज रात्री सुरुवात कर. शंभरेक चित्रांतले पेंग्विन, पिल्ले आणि अंडी यांवर टिचक्या मारून झाल्यावरही तुला पुढचे चित्र पाहावेसे वाटते का, ते बघ. अभिरुचीची याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही.

आणि तुझा स्वतःचा किनारा? पत्रात तू त्याचा उल्लेख जाता जाता केला आहेस, जणू ती घरकामातली मदत आहे. गुहागरला २०२३ मध्ये 'बागेश्री' आणि 'गुहा' या दोन ऑलिव्ह रिडले कासविणींना उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले आणि बागेश्री श्रीलंकेपर्यंत पोहोचली, हे तुझ्या डोळ्यांसमोर घडले असेल. त्या कामात वन विभागाच्या कांदळवन प्रतिष्ठानाबरोबर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था होती, आणि हीच संस्था भारतीय मोहिमांमधून अंटार्क्टिकातले सील, पेंग्विन आणि स्नो पेट्रेल यांचाही अभ्यास करत आली आहे. म्हणजे ध्रुवाकडे जाणाऱ्या वाटेवरची माणसे तुझ्या वाळूत येऊन गेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पंखावर धातूचा बिल्ला सापडला आणि तो मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी मानावीत का, हा प्रश्न त्या एका बिल्ल्याने नव्याने उभा केला, कारण रात्री बॅटरीच्या उजेडात कोणीतरी आकडा नीट वाचला आणि नीट लिहिला. ध्रुवीय पक्ष्यांच्या पायातले वाळेही असेच वाचायचे असते. तेव्हा या हंगामात प्रत्येक घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या, वाळूचे तापमान आणि बाहेर पडलेली पिल्ले यांची वही स्वतःच्या हाताने ठेव. हिवाळ्यात तुमच्या चिखलात टिपत फिरणारे लिटल स्टिंट आणि कर्ल्यू सँडपायपर हे पक्षी सैबेरियाच्या टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रदेशात, अंडी घालून येतात. त्यांचीही दर पंधरवड्याला, त्याच जागी, ओहोटीच्या त्याच वेळेला मोजणी कर. उत्तर ध्रुवाचे प्राणी पाहण्यासाठी तुला पासपोर्ट लागत नाही.

या जोडीला संख्याशास्त्र. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात प्राण्यांवर प्रेम करणारे विद्यार्थी मला भरपूर मिळाले. त्या प्रेमापोटी संख्याशास्त्राचे पुस्तक उघडणारे फार थोडे मिळाले. 'आर' ही संगणकभाषा फुकट आहे. ती शिक, आणि आपल्याच कासवांच्या आकड्यांवर शिक.

भारतातली वाट अशी आहे. सर्व मोहिमांची सूत्रे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे असतात. निव्वळ इच्छा कळवून तिथे जागा मिळत नाही. निरनिराळ्या संस्था आपले संशोधनप्रकल्प मांडतात आणि मंजूर प्रकल्पाचे सदस्य म्हणून माणसे जातात. म्हणून आधी चांगली एम.एस्सी., मग नेट आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, आणि मग असा मार्गदर्शक ज्याचा ध्रुवांशी किंवा निदान समुद्री पक्षी-प्राण्यांशी संबंध आहे, हा क्रम धर. निवड झाल्यावर कडक वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औलीला बर्फावर राहण्याचे प्रशिक्षण मिळते. एक सावधगिरीची सूचना: केवळ पेंग्विनांसाठी भारताच्या अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' केंद्रावर जाण्याची स्वप्ने पाहू नकोस. मैत्री शिर्माकर ओअ‍ॅसिसच्या खडकांत आहे आणि तिथून उघडा समुद्र सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. तिथे स्कुआ आणि स्नो पेट्रेल भेटतील. पेंग्विन भेटलाच तर तो वाट चुकलेला असेल. २०१२ पासून चालू असलेले आपले तिथलेच दुसरे 'भारती' केंद्र समुद्राकाठी आहे, तुझ्यासाठी ते अधिक सोयीचे.

बाबांचा प्रश्न मला मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. त्यांना सरळ आकडे सांग. अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे; ती ठराविक मुदतीची असते आणि कधीकधी उशिरा जमा होते. नुसता 'ध्रुवीय प्राणिशास्त्रज्ञ' म्हणून कायमची नोकरी मिळेल या भरवशावर आपल्याकडे कोणी राहू नये. जे टिकतात ते एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत प्राणिशास्त्रज्ञ, सागरी जीवशास्त्रज्ञ किंवा माहितीचे विश्लेषण करणारे म्हणून नोकरी करतात आणि वर्षातले दोन-चार महिने, तेही दरवर्षी नव्हे, बर्फावर जातात. पेंग्विन मोजून पोट भरत नाही. मोजण्याची विद्या ज्याला उत्तम येते त्याचे मात्र भरते, कारण ती व्याघ्रगणनेला लागते, मत्स्यव्यवसायाला लागते आणि बंदर बांधणाऱ्याला पर्यावरणाचा अहवाल द्यायचा असतो तेव्हा त्यालाही लागते.

आईंना सांग की मुलींना नेण्याचा प्रश्न आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला. १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी अंटार्क्टिकावर गेल्या. त्यांतल्या अदिती पंत औंधच्या घराण्यातल्या, नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. आणि पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या. म्हणजे आईंना परक्या वाटाव्यात अशा नव्हेत. इस्रोच्या मंगला मणी यांनी तर छप्पन्नाव्या वर्षी 'भारती'वर ४०३ दिवस काढले. अमेरिकेने मात्र १९६९ पर्यंत आपल्या स्त्री-संशोधकांना त्या खंडावर पाठवले नव्हते, आणि तिथे हिवाळाभर राहून मुख्य शास्त्रज्ञाचे काम पाहणारी पहिली स्त्री १९७४ मध्ये मेरी अ‍ॅलिस मॅकव्हिनी ही क्रिलवर काम करणारी प्राणिशास्त्रज्ञच होती. तरीही आईंची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकी अंटार्क्टिक कार्यक्रमातल्या लैंगिक छळाविषयीचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो सुखद नाही. जिथून महिनोन्‌महिने बाहेर पडता येत नाही, अशा जागी जाण्यापूर्वी तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचा आपल्या वरिष्ठाशी काय संबंध आहे, आणि तिथे आणखी किती स्त्रिया असतील, हे प्रश्न संकोच न करता विचारायचे. जिथे या प्रश्नांवर कपाळाला आठ्या पडतात, त्या गटात जायचे नाही.

कर्ज काढून परदेशी एम.एस्सी. करावी का? माझ्या मते नको. स्वालबार्डमधील लाँगइयरबेन येथे १९९३ पासून विद्यापीठ केंद्र आहे, तिथे ध्रुवीय जीवशास्त्र ध्रुवीय प्रदेशातच शिकवले जाते, आणि कोणत्याही विद्यार्थ्याला हेवा वाटावा असे ते ठिकाण आहे. परंतु नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ पासून शुल्क द्यावे लागते, आणि तिथला राहण्याचा खर्च तर त्याआधीही थोडाथोडका नव्हता. याउलट त्याच देशात पीएच.डी. ही पगारी नोकरी असते. एम.एस्सी. इथे करून, दोन-तीन हंगामांच्या नीट ठेवलेल्या वह्या आणि एखादा छापलेला शोधनिबंध हाती घेऊन पीएच.डी.साठी बाहेर जाणारी मुलगी घराचे कागद गहाण न ठेवता जाते. नव्या ध्रुवीय संशोधकांची 'एपेक्स' (APECS) नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्याकडे जागांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या सूचना येत असतात. तिथे आत्ताच नाव नोंदव.

राहिली फेरीबोट. दाभोळ ते धोपावे ही खाडी ओलांडायला लागतात काही मिनिटे, आणि तेवढ्यातही तुला बोट लागते, हे वाचून मला हसू आले ते माझ्याच आठवणीने, कारण मला ती धक्क्याला बांधलेली असतानाही लागत असे. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाली आणि महिनाभराने पोहोचली. आता बहुतेक सदस्य केपटाउनहून विमानाने थेट बर्फावरच्या धावपट्टीवर उतरतात. पण समुद्री प्राण्यांचा अभ्यास करायचा तर कधी ना कधी जहाजावर चढावेच लागेल, आणि दक्षिण महासागर हा पृथ्वीवरचा सर्वांत खवळलेला समुद्र आहे. तिथे जुनेजाणते संशोधकही पहिले दोन-तीन दिवस बिछान्यात बादली जवळ घेऊन पडून असतात आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर घेतलेली पोटात टिकत नाही. डॉक्टरांना विचारून एखादी घे आणि पुढच्या खेपेला फेरीबोटीवर तिचा प्रयोग करून पाहा. गाड्यांच्या मध्ये, डिझेलच्या वासात उभी राहू नकोस. वर कठड्याशी जा आणि पलीकडच्या धक्क्यावर नजर ठेव.